हाउगन बाईंचं शुक्रवारचं पत्र

अल्डरवेलमध्ये कुणाबद्दल वाईट बोलायचं असलं, तर आधी त्याच्या आईच्या हातच्या केकचं कौतुक करावं लागतं. मग थंडीबद्दल दोन वाक्यं, हरणांच्या शिकारीबद्दल एक, आणि अगदी निघता निघता, दाराची मूठ हातात धरून, "बाकी त्याचं जरा ठीक दिसत नाही हं," एवढंच. ऐकणाऱ्याने त्यावरून ओळखायचं की गडी दारू पिऊन तिसऱ्यांदा गाडी खड्ड्यात घालून आलाय. मिनेसोटाच्या या कोपऱ्यात माणसं इतकी गोड आहेत, की घराला आग लागली तरी शेजारी आधी पडद्यांची तारीफ करतील.

लॉर्ना हाउगन बाई याच गावात जन्मल्या, वाढल्या, आणि या कलेत त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं. सत्तावीस वर्षं त्यांनी इथल्या शाळेत पहिलीचा वर्ग सांभाळला आणि सत्तावीस वर्षं दर शुक्रवारी पिवळ्या कागदावर एक पत्र लिहून ते पोरांच्या लाल फोल्डरमधून घरोघरी धाडलं. 'प्रिय कुटुंबांनो' अशी सुरुवात. मग आठवड्याचा सगळा वृत्तांत. या आठवड्यात आपण पेंग्विन शिकलो. सोमवारी पायजमा घालून यायचं आहे. बर्फात खेळायच्या जाड विजारीवर नाव घाला, कारण आपल्याकडे सध्या अकरा निळ्या विजारी आहेत आणि त्यातली एकही कुणाची नाही. शाळेच्या शंभराव्या दिवशी प्रत्येकाने शंभर वस्तू आणल्या, आणि ग्रेडीने खिडकीतून वेचून आणलेल्या शंभर मेलेल्या माश्या पाहून आपण सगळे थक्क झालो!

उद्गारचिन्हांशिवाय बाईंचं पान हलत नसे. पत्राच्या शेवटी बावीस पोरांची बावीस नावं, आणि प्रत्येकापुढे एकेक ओळ. इथे तर बाईंची प्रतिभा ओसंडून वाहायची. लीफ नावाच्या एका कार्ट्याने एका आठवड्यात दोन पोरांना चावा घेतला होता. त्याच्या नावापुढे बाईंनी लिहिलं, 'लीफला मित्रांचा सहवास फार आवडतो!' त्याच्या आजीने ती ओळ कापून चर्चच्या तळघरात कॉफीला आलेल्या सगळ्या बायकांना दाखवली. ही पत्रं गावात न्हाव्याच्या दुकानात वाचली जात, फ्रिजवर चुंबकाने चिकटवली जात. गरोदर बायका आतापासून सांगून ठेवत की आमच्याला हाउगन बाईंचाच वर्ग हवा.

मग पोराचं काही बिनसलं असेल तर ते आईबापाला कळायचं कधी? तर त्याची जागा ठरलेली होती. वाईट ते कागदावर येऊ द्यायचं नाही, तोंडाने सांगायचं, आणि तेही गाडीच्या काचेपाशी.

दुपारी तीनला शाळेपुढे पोरांना न्यायला येणाऱ्या गाड्यांची रांग लागते. बाकीचे शिक्षक त्या रांगेवर उभं राहायची पाळी आली की आजारी पडत. शून्याखाली वीस, नाकातलं पाणी गोठतंय, कोण उभं राहणार! हाउगन बाई मात्र रोज स्वतःहून उभ्या. नारिंगी जाकीट, लोकरीची टोपी, हातात जाड मोजे. एकेका गाडीची काच खाली यायची, बाई वाकायच्या, पोराला आत बसवायच्या आणि आईशी दोन शब्द बोलायच्या.

सप्टेंबरात अशीच एकदा क्रिस्टन ओसेनची गाडी आली. क्रिस्टन म्हणजे गावच्या दातांच्या डॉक्टरची बायको.

"अगं क्रिस्टन, परवाची तुझी लिंबाची वडी! काय झाली होती गं!"

"कसली हो बाई, कडेला करपलीच होती."

"छे छे, काहीतरीच तुझं. बरं, ते आपल्या सोरेनचं... अक्षरांचं जरा बघायला हवं हं. आपलं सहज म्हटलं."

क्रिस्टनचं हसू तोंडावर जागच्या जागी राहिलं, पण रंग उडाला. घरी पोचायच्या आधीच तिने ग्रेटा सोलेमला फोन लावला. ग्रेटा ही शाळेतली वाचन सुधारणारी शिक्षिका. मागे पडलेल्या पोरांना ती रोज अर्धा तास वेगळं बसवायची, आणि पहिलीसाठी तिच्याकडे जागा सहाच. वर्गशिक्षिकेने काचेपाशी सुचवायचं, आईबापाने फोन करायचा, सही करायची, अशी तिथली रीत. त्यासाठी शाळेकडून घरी कागद जात नसे, कारण तुमचं पोर मागे आहे असं लेखी कळवणं कसं दिसेल? ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात सहाच्या सहा जागा भरल्या.

आता बर्डीचं सांगते. बर्डी मॅबरी, सहा वर्षांची, पुढचे दोन दात नाहीत, आणि तोंड एक मिनिट बंद नाही. तिची आई रोनेट आर्कान्सातून इथे आली ती टर्की कोंबड्यांच्या मांसाच्या कारखान्यात कामाला. पट्ट्यावरून कोंबडे सरकतात, ही त्यांचे पंख कापते. कारखान्याची व्हॅन दुपारी दोनला तिला घ्यायला यायची. बर्डी शाळेच्या बसने घरी जायची आणि बसथांब्यावरून शेजारची म्हातारी तिला आपल्या घरी न्यायची. बसची पोरं तीनला दहा कमी असताना मागच्या दाराने निघून जातात, त्यामुळे पुढच्या रांगेशी त्यांचा काही संबंध नसतो.

बर्डीला वाचता येत नव्हतं. हे बाईंना कळलं नाही असं मुळीच नाही, दुसऱ्याच आठवड्यात कळलं. पोरगी भारी चलाख. बाईंनी गोष्ट एकदा वाचून दाखवली की हिला तोंडपाठ. मग पुस्तक हातात धरून, बोट फिरवत, नेमक्या शब्दाला पान उलटत अशी धडाधड म्हणायची की बघणाऱ्याला वाटावं, वा! बाईंनी एकदा मुद्दाम दोन पानं एकदम उलटली. बर्डी खालच्या चित्राकडे न बघता आधीच्याच पानावरचं अस्वल सांगत राहिली.

"बर्डी, इथे अस्वल कुठंय?"

"ते घरात गेलं असेल, बाई. थंडी आहे ना."

बाईंना हसू आलं आणि त्यांनी मनाशी ठरवलं, हिच्या आईशी बोलायला हवं. रोज ठरवलं. आई आज दिसेल, उद्या दिसेल, म्हणून रोज तीन वाजता रांगेत उभ्या राहून बघितलं. ज्या बाईकडे गाडी नाही ती गाड्यांच्या रांगेत दिसायची कशी, हा प्रश्न सत्तावीस वर्षं शिकवलेल्या बाईंच्या डोक्यात एकदाही आला नाही. फोन करावा असंही नाही आलं. अल्डरवेलमध्ये फोन करून कुणी वाईट सांगत नाही, फोन आला की कुणीतरी गेलंय असं समजतात.

नोव्हेंबरात पालकांच्या भेटी झाल्या, संध्याकाळी चार ते सात. त्या वेळी रोनेट कोंबड्यांचे पंख कापत होती. बाईंनी समजूतदारपणे चिठ्ठी पाठवली, 'भेट होऊ शकली नाही, काही हरकत नाही! बर्डी म्हणजे आपल्या वर्गाचा आनंद आहे!' मग जानेवारीत प्रगतिपत्रक. आमच्या शाळेत नापास हा शब्द कधीच मोडीत काढलाय. आता तीनच शेरे असतात: पोचलं, वाटेवर आहे, उमलतंय. बर्डीच्या पत्रकावर वाचनाच्या पाचही चौकटींत 'उमलतंय'. रोनेटला वाटलं, आपली पोर फुलासारखी उमलतेय, आणखी काय हवं! तिने ते पत्रक फ्रिजवर लावलं, पिवळ्या पत्रांच्या बरोब्बर मधोमध.

आणि यावर कडी बघा, फेब्रुवारीत जिल्ह्याच्या शिक्षण कचेरीने हाउगन बाईंना मानचिन्ह दिलं. कशाबद्दल? कुटुंबांशी उत्तम संपर्क ठेवल्याबद्दल. तरुण मुख्याध्यापक ट्रेव्हर क्विस्ट माइकवर म्हणाले, "पालकांच्या पाहणीत आपल्याला अठ्ठ्याण्णव टक्के मिळालेत, आणि ते कुणामुळे, हे मी वेगळं सांगायला नको." मग वेगळं सांगितलंच, आणि वीस मिनिटं सांगितलं. क्रिस्टन ओसेनने उभं राहून टाळ्या वाजवल्या. बाई लाजल्या, आणि घरी जाताना गाडीत एकट्याच हसत होत्या.

मार्चमध्ये कचेरीतून काही घरांना छापील पत्रं गेली. यांत्रिक भाषा, खाली शिक्का. आपल्या पाल्याची वाचनाची पातळी अपेक्षेपेक्षा बरीच खाली असल्याने पुन्हा पहिलीत बसवण्याची शिफारस करण्यात येत आहे. बाईंच्या वर्गातून असं पत्र एकाच घरी गेलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी एकला, पोरं गाण्याच्या तासाला गेलेली असताना, रोनेट मॅबरी वर्गाच्या दारात उभी राहिली. ती घरून दोन मैल चालत आली होती. गुडघ्यापर्यंत बर्फ, अंगावर कारखान्याचा पांढरा डगला, आणि काखेत पिवळ्या कागदांचा गठ्ठा.

"तुम्ही हाउगन बाई?"

"हो! आणि तुम्ही... अगं बाई, बर्डीच्या आई का? किती छान झालं! बसा ना. कॉफी आणू? बाहेर काय थंडी..."

"कॉफी नको. बसते." पहिलीतल्या पोरांच्या बुटक्या खुर्चीत ती बसली, गुडघे छातीशी आले, पण तिला त्याचं काही नव्हतं. गठ्ठ्यातला वरचा कागद तिने उचलला. "मी वाचते, तुम्ही ऐका. सप्टेंबर, 'बर्डीच्या गोष्टी ऐकताना वर्ग रंगून जातो.' ऑक्टोबर, 'बर्डीची स्मरणशक्ती थक्क करणारी आहे.' ऑक्टोबरच, 'बर्डी पुस्तक हातात घेते तेव्हा तिचा चेहरा बघण्यासारखा असतो.' नोव्हेंबर, 'वर्गाचा आनंद.' पुढे वाचू?"

"नको," बाई हळूच म्हणाल्या.

"पंचवीस आहेत. काल सगळी काढली फ्रिजवरून. यातलं खोटं कुठलं ते सांगा मला."

"खोटं यात काहीच नाही हो. सगळं अगदी मनापासून..."

"मग काल आलंय ते खोटं का?"

बाईंनी मान हलवली. नाही.

"म्हणजे माझ्या पोरीला वाचता येत नाही. आणि तुम्हाला हे कधीपासून माहीत आहे?"

खोटं बोलायची सोय होती. बाईंच्या जिभेवर चार गोड वाक्यं तयारही होती. पण समोरच्या बाईने डोळे असे रोखले होते की एकही बाहेर पडेना.

"सप्टेंबर," त्या म्हणाल्या.

रोनेटने हातातला कागद गठ्ठ्यावर परत ठेवला. मग म्हणाली, "माझ्या पट्ट्यावर कोंबडा सडका आला तर मी ओरडते. मशीन थांबवते. सगळे शिव्या देतात, तरी थांबवते. तुम्ही सहा महिने बघत बसलात, आणि वरनं मला फुलं-पानं लिहून पाठवलीत?"

"मी सांगते हो सगळ्यांना! कुणालाही विचारा तुम्ही. मी कधी लपवत नाही. रोज बाहेर उभी राहते, थंडीत, प्रत्येकीच्या गाडीपाशी जाते आणि..."

"कुठे?"

"पुढे. गाड्यांच्या रांगेत."

"मला गाडी नाही," रोनेट म्हणाली.

हाउगन बाई मटकन खाली बसल्या. त्याही बुटक्याच खुर्चीत. रोनेटने कागद गोळा केले, नीट कडा जुळवल्या, बाईंच्या टेबलावर ठेवले आणि व्हॅन गाठायची म्हणून निघून गेली. जाताना ती रडली नाही, बाई मात्र रडल्या, आणि गाण्याच्या तासावरून परतलेल्या बावीस पोरांनी ते बघितलं. लीफने जाऊन त्यांच्या गुडघ्यावर डोकं ठेवलं. चावला नाही.

त्या दुपारी बाईंनी हजेरीचा कागद पुढे ओढला. बावीस पोरं, त्यातली नऊ बसने जाणारी. ग्रेटाच्या सहा जागांवर कोण? सगळी गाड्यांवाली. बसमधलं एकही नाही. मग मागच्या वर्षीची हजेरी आठवली, त्याच्या मागची, आणि चौथ्या वर्षापाशी त्या थांबल्या. पुढे आठवायची हिंमत झाली नाही. इतकी शरम त्यांना उभ्या जन्मात वाटली नव्हती.

दुसऱ्या दिवशी रांगेत त्यांनी क्रिस्टनची काच ठोठावली आणि, ऐका, केकबद्दल एक अक्षर न बोलता म्हणाल्या, "क्रिस्टन, सोरेन आता उत्तम वाचतो. ग्रेटाकडची त्याची जागा दुसऱ्या मुलीला देऊ या का?"

क्रिस्टनने डोळे विस्फारले. "अहो बाई, मला आवडलंच असतं! पण तिथे त्याचा आत्मविश्वास इतका वाढलाय ना. आणि ग्रेटाची त्याला सवय झालीय. तुम्ही समजू शकता." मग हसून, "तुम्हाला बरं नाही का हो? जरा थकल्यासारख्या दिसताय." त्या आठवड्यात सहाही घरी असंच झालं. सगळ्यांना आवडलंच असतं, आणि जागा कुणीच दिली नाही.

क्विस्टसाहेबांकडे गेल्या तर ते म्हणाले, "लॉर्ना, तुमची तळमळ समजते मला. पण लेखी नकारात्मक काही पाठवू नका हं. अठ्ठ्याण्णव टक्के आहेत आपले."

"बसवाल्या घरांना विचारलं होतं का त्या पाहणीत?"

"पाहणीचे कागद रांगेत वाटले होते," साहेब म्हणाले, आणि आपण काय बोललो हे त्यांच्या लक्षातही आलं नाही.

सत्तावीस वर्षांत प्रथमच हाउगन बाईंनी वरिष्ठाचं ऐकलं नाही. बसच्या नऊही घरी त्यांनी वेगवेगळ्या चिठ्ठ्या धाडल्या, पोराला काय येतं आणि काय येत नाही ते सरळ लिहून. दोन बापांनी शाळेत येऊन आरडाओरडा केला. एका आईने आभार मानले. आणि बर्डीला त्यांनी जेवणाच्या सुट्टीत स्वतःपाशी बसवायला घेतलं. ग्रेटाकडून तिच्या पद्धतीचे अक्षरांचे पत्ते मागून आणले. एका हातात सँडविच, दुसऱ्या हातात पत्ते.

"ही गोष्ट मला पाठ आहे, बाई. म्हणू?"

"नको. पाठ असलेलं काही नको मला. हे वाच."

"पण तुम्हाला आवडायचं ना मी म्हटलेलं?"

"माझंच चुकत होतं," बाई म्हणाल्या. "वाच."

बर्डी रुसली. एप्रिलभर रुसली. पण पोरगी जिद्दीची निघाली. आवाज जोडायला लागली, अडखळली, पत्ते फेकले, परत उचलले. बाई रोज फोल्डरमध्ये एक चिठ्ठी घालत. 'आज बर्डीने अकरा शब्द वाचले. चार चुकले.' 'आज चौदा. पाच चुकले. माझ्यावर चिडली होती.' उद्गारचिन्ह एकही नाही. चिठ्ठीवर रोनेटची सही होऊन यायची, शब्द कधीच नाही. बाई तरी रोज सकाळी फोल्डर उघडून आधी तेच बघायच्या, आज काही लिहिलंय का. त्या बाईने माफ करावं असं त्यांना फार वाटत होतं, आणि हे त्यांनी स्वतःशीही कबूल केलं होतं.

दोन महिन्यांत सहा महिने भरून निघत नाहीत. मे महिन्यात परीक्षा झाली, आणि बर्डी पुन्हा पहिलीत बसणार हे पक्कं झालं. त्याच आठवड्यात पुढच्या वर्षीचे अर्ज घरोघरी गेले. आमच्याकडे त्यावर एक रिकामी ओळ असते, तुमच्या मुलाबद्दल काही सांगायचं आहे का, म्हणून. दरवर्षी त्या ओळीवर अर्धं गाव हाउगन बाईंचं नाव मागतं. बाईंच्या मनात आलं, बर्डी परत माझ्याकडेच येईल. पहिल्या दिवसापासून नीट करीन सगळं.

शुक्रवारी जेवणाच्या सुट्टीत बर्डी आली ती फोल्डर नाचवतच. "बाई, पत्ते नको आज. आईने लिहिलंय काहीतरी! मी वाचते. तुम्ही मदत करायची नाही."

"नाही करत," बाई म्हणाल्या. आईने लिहिलंय हे ऐकताच त्यांनी हातातलं सँडविच बाजूला ठेवलं.

बर्डीने अर्जाचा कागद टेबलावर पसरला आणि पहिल्या शब्दाखाली बोट ठेवलं.

"मा... झ्या. माझ्या. मु... ली... ला. माझ्या मुलीला. पु... पुढ... पुढच्या!" तिने वर बघितलं. बाईंनी मान डोलावली. "पुढच्या वर्षी. हा... उ... हाउगन! बाई, तुमचं नाव आहे!"

बाईंचे डोळे भरून आले. "पुढे वाच, बाळा."

"हाउगन... बाई. माझ्या मुलीला पुढच्या वर्षी हाउगन बाई..." शेवटच्या शब्दापाशी ती अडली. बोट टेकवलं, ओठ हलवले, एकेक आवाज सुटा काढला. बाईंनी तो शब्द उलट्या बाजूनेही एका नजरेत वाचला होता. त्या बोलल्या नाहीत. मदत करायची नाही असं ठरलं होतं.

"न... को... त. नकोत." बर्डीने सगळं परत एका दमात म्हटलं. "माझ्या मुलीला पुढच्या वर्षी हाउगन बाई नकोत." आणि तोंडभर हसली, पुढचे दोन्ही दात आता अर्धे आले होते. "बरोबर वाचलं ना?"

"अगदी बरोबर," बाई म्हणाल्या.

मग त्यांनी रोजच्यासारखा चिठ्ठीचा कागद ओढला, पेन घेतलं आणि लिहिलं, 'आज बर्डीने एक अख्खं वाक्य एकटीने वाचलं. तुम्ही लिहिलेलं. एकही चूक नाही.'